भिकाबाईनं सांगितलेली वाट

हिंगोलीच्या रेल्वे स्टेशनामागं कापसाचा एक जिन होता, सरकी काढायचा कारखाना. तिथलं वाफेचं इंजिन तातेराव चालवायचा. तो मूळचा पुसेगावचा, खात्यापित्या शेतकरी घरातला. पण नांगरामागं त्याचं मन कधी रमलं नाही. सोळाव्या वर्षी बापाबरोबर कापसाची गाडी घेऊन तो जिनात आला आणि ते चाक, तो पट्टा, ती वाफ बघत असा उभा राहिला, की गाडी रिकामी झाली, बैल पुन्हा जुंपले, तरी हा जागचा हलेना. पुढच्या हंगामात तो तेल घालणारा म्हणून तिथंच लागला आणि दहा वर्षांत ड्रायव्हर झाला. बोलणं कमी, हात कायम काळे. बायको गोजरबाई शेजारणींना सांगायची, "यांच्यापुढं ताट ठेवा का चाक ठेवा, पहिल्यांदा चाकाकडं बघतेत."

त्याच जिनात देवला हमाली करायचा. गोरेगावकडच्या एका तांड्यावरचा, बंजाऱ्याचा. उंच, सडपातळ, कापसाचा बोरा पाठीवर घेऊनही गाणं म्हणत चालणारा. दोघांची दोस्ती झाली ती एका अपघातातून. चालत्या इंजिनाला तेल घालताना तातेरावाच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली. ओरडायलाही वेळ नव्हता. देवला समोरून येत होता; त्यानं पाठीवरचा बोरा टाकला, कोपऱ्यातला बांबू उचलला आणि एका दणक्यात पट्टा चाकावरून उडवून लावला. तातेरावाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, हात वाचला. दवाखान्यात देवला तीन दिवस त्याच्या उशाशी बसून होता. कुणी विचारलं, काहून बसलास रे इथं, तर म्हणायचा, "इंजन बंद हाय. मला तरी दुसरं काय काम?"

तेव्हापासून तातेराव सुट्टीच्या दिवशी तांड्यावर जायला लागला. तिथं जेवायलाही लागला. पुसेगावात त्यावरून बोलणं झालं, पण तातेरावानं जाणं सोडलं नाही.

मोटरसायकलीची गोष्ट अशी. जिनाचे जुने मॅनेजर मुंबईला निघून गेले, तेव्हा त्यांची एक मोडकी गाडी गाठी बांधायच्या प्रेसच्या शेडमागं पडून राहिली. गिअरचा दांडा टाकीच्या बाजूला, पुढं कारबाईडचा दिवा, आणि सीटच्या आत उंदरांचं बाळंतपण झालेलं. जाताना ते तातेरावाला म्हणाले होते, "चालू केलीस तर तुझी." तातेरावाला दोन पावसाळे लागले. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो त्यानं रेल्वेनं अकोल्याला पाठवून दुरुस्त करून आणला. पिस्टनच्या कड्या घासून बसवल्या. चेन तर रॉकेलमध्ये इतक्यांदा धुतली, की गोजरबाई म्हणाली, माझ्या लेकरांना एवढी आंघोळ कधी घातली न्हाई तुमी. सन सदतीसच्या श्रावणात एकदाची ती गाडी फटफटली. अख्खी गल्ली गोळा झाली. हिंगोलीत तिला सगळे फटफटीच म्हणायचे.

पहिल्याच रविवारी तातेराव तिला तांड्यावर घेऊन गेला. देवलाची आई भिकाबाई बाजेवर बसलेली होती. वय साठीच्या पुढं, डोळे अधू झालेले, पण कान तिखट. दंडापर्यंत बांगड्या, आणि आवाज अजून तांड्याच्या नायकासारखा खणखणीत. गाडी बंद झाली तशी ती काठी टेकत जवळ आली आणि तिनं हातानं टाकी चाचपली.

"याला चारा काय घालता?"

"पेट्रोल, याडी." देवला आईला याडी म्हणायचा, म्हणून तातेरावही म्हणायचा.

"अन् दिसाला चालतं किती?"

"रस्ता बरा असला तर साठ-सत्तर मैल. लई ताणलं तर शंभर."

म्हातारी मनाशी हिशेब करत राहिली. "आमचे बैल पाच कोस चालायचे. मंग बसायचे." थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्हंजे कन्नडचा घाट तीन दिसांवर आला."

देवला चमकला. हा विषय तिनं पूर्वी कधी काढला नव्हता. त्या दिवशी बाजेवर बसून तिनं सगळं सांगितलं. देवलाचा बाप पेमा दोनशे बैलांच्या लदेणीत, म्हणजे पाठीवर माल लादून चालणाऱ्या बैलांच्या तांड्यात, पुढच्या बैलाबरोबर चालायचा. लोणारचा खार न्यायचे, खालून खानदेशातून मीठ आणायचे. रेल्वे आली तसा धंदा बसत चालला होता, तरी त्यांचा तांडा शेवटपर्यंत जात राहिला. त्या शेवटच्या खेपेला घाट चढून वर आल्यावर पेमाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तो गेला. तिथंच अग्नी दिला, राखेवर सगळ्यांनी एकेक दगड ठेवला, कमरेएवढा ढीग झाला, आणि चौथ्या दिवशी तांडा पुढं निघाला. बैलांना पाणी पाहिजे होतं. थांबता येत नव्हतं. देवला तेव्हा अंगावर पीत होता.

"मंग लदेणी मोडली. बैल विकले. इथं जमिनी कसायला घेतल्या. तिकडं कोणी पुन्हा गेलंच न्हाई," भिकाबाई म्हणाली. "मी काही म्हणत नव्हते, कारण म्हणून काय करता? चालत जावं तर महिना जाईल. पण हे लोखंडाचं जनावर जाईल म्हणतो ना हा?"

"जाईल," तातेराव म्हणाला. खरं तर तो स्वतः आयुष्यात वाशीमच्या पुढं गेला नव्हता.

"तर जा दोघं. एक दगड माझ्या नावाचा ठेवा. त्याच्या नावानं कडाव करा. अन् मला येऊन सांगा."

कडाव म्हणजे गुळाचा शिरा. बंजारा लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी करतात. देवलाची बायको मोतीबाई हिनं रवा, गूळ, तुपाची बरणी असं सगळं एका पिशवीत बांधून दिलं. आणि वाट भिकाबाईनं सांगितली. ती गावांनी नाही सांगितली, पाण्यांनी सांगितली. लोणारची धार. सिंदखेडचा मोती तलाव. जालन्याची कुंडलिका. औरंगाबादची खाम. वेरूळची येळगंगा. कन्नडची शिवना. "शिवना वलांडली की पाणी संपलं. मंग घाट. घाटाच्या तोंडाशी डाव्या हाताला खडकात टाकं हाय. टाक्यावरून समोर कडा दिसतो. वर काळा, खाली काळा, मधी लालभडक पट्टा, जसं घागऱ्याला किनार लावावी तसा. त्या पट्ट्याकडं तोंड करून वीस पावलं." देवलानं ते तिच्यासमोर तीनदा म्हणून दाखवलं, मगच तिनं सोडलं.

दसरा झाला. जिनाची भट्टी दिवाळीनंतर पेटणार होती, तेवढ्यात जाऊन यायचं ठरलं. गोजरबाईनं भाकरी आणि लसणाची चटणी बांधली. "त्या लोखंडावर बसून चाललात खरं," ती म्हणाली, "पण हात-पाय जेवढे घेऊन चाललात तेवढे घेऊन या. मोजून घेईन मी."

सकाळी दव होतं. कनेरगावच्या नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या जवानानं दांडा आडवा टाकला. निजामाची हद्द तिथं संपत होती, पुढं वऱ्हाड. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

"थैली में क्या है?"

"गूळ, रवा, तूप," तातेराव म्हणाला.

"बेचने के वास्ते?"

"न्हाई जी. वडलांच्या नावानं शिरा करायचाय," देवला म्हणाला.

"वालिद कहाँ हैं?"

"कन्नडच्या घाटात. पस्तीस साल झाले."

जवानानं पिशवीत घातलेला हात काढून घेतला, मिशीवर फिरवला आणि दांडा वर केला. मग म्हणाला, एक बार बैठूं क्या? तातेरावानं त्याला नाक्याभोवती एक फेरी मारून आणली. उतरताना तो हसत होता.

पैनगंगेला अजून मांडीभर पाणी होतं. एका गाडीवानानं बैलगाडी थांबवली, तिघांनी मिळून फटफटी गाडीत आडवी घातली आणि नदीतून पलीकडं नेली. बैल सारखे मान वळवून बघत होते. देवला गाडीच्या मागं पाण्यातून चालता चालता म्हणाला, "तातेराव, आतापोतर आपल्या गाडीपेक्षा बैलच बरे चालून राहिले." वाशीमला पेट्रोलचे दोन डबे भरून घेतले आणि रिसोडवरून दिवस कलायच्या सुमाराला ते लोणारला पोचले.

गाव ओलांडलं आणि रस्ता अचानक संपला. पुढं जमीनच नव्हती. गोल, खोल, एखादी अवाढव्य कढई पुरावी तसा खड्डा. कडांवर झाडी, तळाशी हिरवं निश्चल पाणी, आणि पाण्याच्या काठाला पांढरा खार. तातेरावानं इंजिन बंद केलं. खालून लांडोरीचा आवाज आला तेवढाच.

धारेवर, म्हणजे कड्यातून पडणाऱ्या गोड्या पाण्याच्या झऱ्यावर, एक म्हातारे मास्तर आंघोळ करत होते. त्यांनी आपणहून चौकशी केली, कुठले, कुठं चाललात. तातेरावानं विचारलं, मास्तर, हा खड्डा कोणी केला?

"देवळातला पुजारी सांगेल, इथं लवणासुर राहत होता, देवानं त्याला मारला. इंग्रज साहेब येतात ते सांगतात, इथं ज्वालामुखी फुटला. त्यांच्यातही एकमत नाही." मास्तर धोतर पिळत म्हणाले, "पण हा खड्डा सोडा. ज्या दगडावर तुम्ही उभे आहात ना, तो सगळा एकेकाळी पातळ होता. तापलेला रस. थरावर थर वाहत आला आणि थिजला. नागपूरपासून मुंबईपर्यंत. पुस्तकात आहे."

देवलाला ते पटलं नाही. दगड कुठं पातळ असतो का! पण तातेराव खाली वाकला होता. वाटेवर एक काळा दगड पडला होता, भोकाभोकांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्यानं तो उचलून तळहातावर तोलला. रोज सकाळी भट्टी साफ करताना तो लांब आकड्यानं कोळशाचा खंगर ओढून काढायचा. तापून वितळलेली आणि मग थिजलेली राख. तिला अशीच भोकं असायची. ती कशी पडतात हे त्याला माहीत होतं. आतली हवा बाहेर पडता पडता अडकते.

"पटतं मला, मास्तर," तो म्हणाला. "हा खंगर हाय."

त्यानंतर सगळ्या वाटेनं त्याला तेच दिसत राहिलं. सिंदखेडकडं जाताना दूरच्या टेकड्या सपाट माथ्याच्या, बाजूनं पायऱ्या पायऱ्यांच्या. जणू कुणी भाकरीवर भाकरी रचून ठेवली आहे. पूर्वी त्यानं अशा टेकड्या पाहिल्या नव्हत्या असं नाही. हिंगोलीकडंही आहेत. पण त्या तशा का, हा प्रश्न कधी पडला नव्हता. आता तो गाडी चालवता चालवता मागं वळून ओरडायचा, "देवला, थर मोज!" देवला ओरडायचा, "तू रस्ता बघ!"

मोती तलावावर त्यांनी पाणी प्यायलं, कारण भिकाबाईनं सांगितलं होतं. तहान असो नसो, तिनं सांगितलेल्या प्रत्येक पाण्याला हात लावायचाच असं देवलानं ठरवलं होतं.

जालन्याच्या अलीकडं बाभळीच्या काट्यानं मागचं चाक बसलं. ट्यूब काढली तर काटा आरपार गेलेला, आणि आधीच्या दोन ठिगळांमधून फाटलेली. सोल्युशनची नळी उन्हानं वाळून गेली होती. सावली नाही, गाव दिसत नाही. बाजूच्या शेतात कापसाची पहिली वेचणी चालू होती. तातेरावानं टायर हातात घेऊन विचार केला आणि मग तो बांधावर गेला.

"बाई, थोडा कापूस देता का? दोन ओंजळी. न्हाई, चार."

वेचणारी बाई उठून उभी राहिली. मंजुळाबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. "काहून? कोणाला लागलं का?"

"लागलं न्हाई. टायरात भरायचाय."

ती एवढ्या जोरात हसली, की बाकीच्या बायाही धावत आल्या. मग काय, कापूस आला, कोरडं गवत आलं, फाटकं गोणपाट आलं. तातेराव कापूस भरत होता आणि बाया त्याला सल्ले देत होत्या. गादीवाला बरा यापरास, आणखी दाबा, कोपऱ्यात पोकळ राहिलं. जिनात वीस वर्षं त्यानं कापसातून सरकी निघताना पाहिली होती, पण कापूस चाकात कधी भरला नव्हता. देवला निघताना म्हणाला, "याडीला हे सांगावं लागंल. बैलाला कधी कापूस चारला नव्हता आमी." त्या चाकावर खडखडत, माणसाच्या चालीनं, ते जालन्याला पोचले. तिथं एका सायकलवाल्याकडं मोटारीच्या ट्यूबचा तुकडा मिळाला आणि रात्र कुंडलिकेच्या काठच्या धर्मशाळेत गेली.

तिसऱ्या दिवशी औरंगाबाद मागं पडलं. खाम ओलांडली. दौलताबादचा डोंगर चारी बाजूंनी तासलेला दिसला. वेरूळला येळगंगेचं पाणी प्यायला थांबले, तेव्हा तातेराव एकटाच लेण्यांत जाऊन आला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"काय पाहिलं?" देवलानं विचारलं.

"अख्खं देऊळ. वरून खाली कोरत आणलंय. एकच दगड." मग गाडीला किक मारायच्या आधी तो म्हणाला, "वरचा थर कुठं संपतो अन् खालचा कुठं लागतो, ते त्या लोकांना बराबर ठाऊक असणार. न्हाई तर मधीच फुटलं असतं."

शिवना ओलांडली. भिकाबाईची पाण्यांची यादी संपली. पुढं पठार उघडं होतं, वाळलेलं कुसळीचं गवत वाऱ्यानं एका अंगाला झोपलेलं. आणि मग घाटाचं तोंड आलं. खाली खानदेश निळसर धुक्यात पसरलेला. इतका खोल, इतका सपाट, की देवलानं नकळत तातेरावाचा खांदा धरला. इथं उभं राहिल्यावर डोंगर पोट कापल्यासारखा सगळा दिसत होता. काळे थर, त्यांच्या कडांवर उभे खांबासारखे सुळके, मधूनमधून गवताच्या हिरव्या पायऱ्या.

डाव्या हाताला टाकं होतं. पाण्यावर शेवाळ होतं, पण टाकं तेच. समोर कडा. काळा, मग लाल, मग काळा. लाल पट्टा उन्हात इतका उठून दिसत होता, की चुकायची सोयच नव्हती. देवलानं चपला काढल्या आणि पावलं टाकायला लागला. तातेराव मागं उभा राहून मोजत होता. अठरा, एकोणीस, वीस.

तिथं काही नव्हतं. एक उथळ खड्डा, गवत, आणि पलीकडं रुंद केलेला रस्ता.

देवला पुन्हा टाक्यापाशी गेला. पुन्हा मोजलं. याडीची पावलं लहान असतील म्हणून पंधरा मोजली. बापाच्या काळचे लोक उंच म्हणून पंचवीस मोजली. ढीग नव्हता. तातेराव रस्त्याकडं वळला. तिथं खडी फोडणाऱ्यांची टोळी काम करत होती. त्यांचा मुकादम, पन्नाशीचा, डोक्याला लाल पागोटं, हे सगळं बघत उभा होता. तो जवळ आला. देवलाच्या कानातलं आणि बोलणं त्यानं ओळखलं असावं, कारण त्यानं बंजाऱ्यांच्याच बोलीत राम राम घातला आणि विचारलं, कोणत्या गोताचा?

"राठोड."

"मी पवार. वसराम नाव. काय शोधून राहिला, भाऊ?"

देवलानं सांगितलं. वसराम ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

"इथं चार ढीग होते," तो म्हणाला. तातेरावाला कळावं म्हणून की काय, आता तो मराठीत बोलत होता. "आठ साल झाले. रस्ता रुंद करायचं काम निघालं. वरच्या साहेबानं सांगितलं, आयते दगड पडलेत, तेच फोडा. आमी फोडले. मीच फोडले, या हातानं. कोणाचे ते ठाऊक नव्हतं. गुराख्यांनी रचले असतील असं वाटलं. मी पण गोरमाटी, बंजाराच. मला कळायला पाहिजे होतं."

टोळीतले हातोडे थांबले होते. तातेरावाला वाटलं, देवला आता त्याला काही बोलेल. बोलला तर त्याचं चूक नाही. पण देवला रस्त्यावर जाऊन उकिडवा बसला. खाली दाबून बसवलेली काळी खडी होती. त्यानं तिच्यावर हात ठेवला. दगड उन्हानं तापले होते. तो तसाच बसून राहिला आणि एक बैलगाडी आली तेव्हा उठून बाजूला झाला. गाडी त्याच जागेवरून गेली.

मग वसरामच म्हणाला, "चल, भाऊ. एक रचू." तो स्वतः दगड उचलायला लागला. टोळीतले बाकीचेही आले. देवलानं पहिला दगड ठेवला, दुसरा भिकाबाईच्या नावाचा. तातेरावानं ठेवलेला दगड भोकांचा होता. त्याच्या आत साखरेसारखे पांढरे स्फटिक होते, हे त्यानं ठेवतानाच पाहिलं. दिवस मावळायच्या आत ढीग कमरेएवढा झाला, रस्त्यापासून चांगला लांब, टाक्याच्या वरच्या अंगाला. वसरामची बायको रूपाबाई जवळच्या त्यांच्या तांड्यावरून मोठी कढई घेऊन आली. मोतीबाईनं दिलेला रवा-गूळ तिनं आपल्या हातानं परतला. तांड्यावरची वीस-पंचवीस माणसं जेवली. वसरामनं आधी घास घेतला नाही. देवलानं त्याच्या हातावर शिरा ठेवला, तेव्हा घेतला.

परतीची वाट तीच, पण गाडीवर बोलणं वेगळं होतं. सिंदखेडच्या पुढं तातेराव म्हणाला, "याडीला सांगू नको. ढीग होता, दगड ठेवला, बास. म्हातारं माणूस. काहून दुखवायचं?"

"व्हय," देवला म्हणाला. "तसंच सांगतो."

रिसोडहून ते वाशीमला न जाता सरळ गोरेगावच्या कच्च्या वाटेनं तांड्यावर आले. भिकाबाई बाजेवर उठून बसली. तिनं आधी पाण्यांचं विचारलं. धार चालू आहे का. मोती तलाव भरलाय का. टाक्यात पाणी किती. देवला सांगत गेला. मंजुळाबाईच्या कापसाचं सांगितलं तेव्हा ती हसली. मग तिनं विचारलं, "लाल पट्टा हाय का तसाच?"

"हाय, याडी. तसाच."

"अन् ढीग?"

देवलानं तातेरावाकडं पाहिलं. तातेरावानं मान हलवली, सांग ठरलंय तसं. देवलानं तोंड उघडलं आणि त्याला खोटं बोलता आलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. चार ढीग, रस्ता, वसराम, खडी, नवा ढीग.

म्हातारी कितीतरी वेळ बांगड्या फिरवत बसली. तातेरावाला देवलाचा रागच आला होता.

"गाड्या चढतात का आता तिथून?" तिनं शेवटी विचारलं.

"चढतात. आरामात."

"आमचे बैल लई घसरायचे तिथं. खूर फुटायचे. तुझा बाप पाठीला खांदा लावून एकेक बैल वर काढायचा." तिनं देवलाकडं तोंड केलं. "त्या मुकादमाला काही बोलला तर न्हाईस ना तू?"

"न्हाई, याडी."

"बरं केलंस. पाणी आण मला."

तेवढंच. ती रडली ती नंतर, घरात गेल्यावर, बायकांमध्ये. मोतीबाईनं ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. तातेराव त्या संध्याकाळी हिंगोलीला परतला. गोजरबाईनं खरंच हात-पाय मोजले आणि मगच जेवायला वाढलं.

भिकाबाई त्यानंतर तीन वर्षं जगली. वसराम एकदा पायी, एकदा मोटारीनं तिला भेटायला आला आणि दोन्ही वेळा आठ आठ दिवस राहिला. त्यांच्या बोलण्यात तातेरावाला जागा नसायची; ती दोघं त्यांच्या बोलीत बोलायची आणि मधेच हसायची.

पुढं दुसरी मोठी लढाई आली, पेट्रोल मिळेना. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला निजामाच्या मुलखात धामधूम उडाली, तेव्हा हद्दीवरची कितीतरी घरं वऱ्हाडात निघून गेली, तशी तातेरावानंही बायको-पोरं वाशीमला ठेवली. फटफटी उघड्यावर ठेवायची सोय नव्हती. ती त्यानं सुटी केली आणि तिचे भाग तांड्यावर चार घरांत वाटून ठेवले. दिवस निवळल्यावर ते गोळा केले, तर मॅग्नेटो सापडला नाही. कुणालाच आठवेना तो कुठल्या घरात होता. तातेराव दोन दिवस शोधत राहिला आणि मग त्यानं नाद सोडला. जिनात तोवर नवं तेलाचं इंजिन आलं होतं. ते शिकण्यात तो गुंतला.

अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात देवलाच्या मुलीचं, झमकीचं लग्न वसरामच्या थोरल्या मुलाशी ठरलं. राठोड आणि पवार, गोत जुळत होतं. बोलणी रूपाबाईनं केली. लग्न तांड्यावर झालं आणि मुलगी सासरी घालवायला एक लॉरी ठरवली. चाळीस माणसं, हलगी, पेट्या, दोन शेळ्या. तातेरावाला ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. निजामाचं राज्य गेलं होतं, कनेरगावच्या नाक्यावर आता दांडा नव्हता. जवानाची खोली रिकामी होती. जालना सोडल्यावर लॉरीचं इंजिन ठसकायला लागलं. तातेरावानं कान लावला.

"व्हॉल्व्ह ढिला झालाय," तो ड्रायव्हरला म्हणाला. "थांबवा जरा बाजूला."

ड्रायव्हर कुरकुरला, पण थांबला. तातेराव बोनेट उघडून आत वाकला. मागं बायका नवरीचं गाणं म्हणत होत्या. देवला खाली उतरून पाना हातात घेऊन त्याच्याजवळ उभा राहिला, आणि शेतातून दोन माणसं काय झालं बघायला बांधावर आली.